खून आचाऱ्याने केला आहे

मित्रांनो, वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात, अगदी तळाच्या फळीवर, भिंतीला पाठ लावून बसलेली ती मी. एक जुनी रहस्यकादंबरी. मनातलं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून आज तुम्हालाच सांगते.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. शिशाचे खिळे एकेक करून जुळवले तेव्हा माझ्या ओळी उभ्या राहिल्या. बांधणी करणाऱ्या म्हाताऱ्याने मला जाड दोऱ्याने शिवलं. शिवताना तो पुटपुटत होता, "घट्ट राहा गं पोरी, पुष्कळ हात लागायचेत तुला."

माझ्या पोटात आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डोंगरावर एक मठ असतो. तिथला कोठार सांभाळणारा भिक्षू एके सकाळी धान्याच्या राशीवर मरून पडलेला सापडतो. शोध लावायचं काम येतं एका जाड्या, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकणाऱ्या भिक्षूवर. त्याच्यापाशी ना शस्त्र, ना अधिकार. त्याला एकच गोष्ट येते, गाऊन निरूपण करणं. रोज सकाळी तो मठाच्या अंगणात उभा राहून ईश्वराच्या दयेच्या कथा गातो, आणि गाता गाता ऐकणाऱ्यांचे चेहरे वाचतो. कुठल्या ओळीला कुणाचे डोळे भरले, कुठल्या शब्दाला कुणाची मान खाली गेली, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो म्हणतो, "माणूस पुरता ऐकल्याशिवाय त्याला दोष देऊ नये. देवसुद्धा शेवटच्या श्वासापर्यंत थांबतो."

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. माझ्यासाठी नंबर लागत. एका घरात तर सासू मला दुपारी वाचायची, सून संध्याकाळी, आणि "पुढचं सांगाल तर याद राखा!" असा दोघींचा एकमेकींना दम असायचा. माझी पाठ सैल झाली, कोपरे मुडपले, पण मला त्याचं काही वाटलं नाही. वापरल्याने झिजणं हे पुस्तकाचं भाग्यच.

मग एक दिवस कुणीतरी माझ्या पहिल्याच पानावर, पेन्सिलीने, वळणदार अक्षरात लिहिलं, "खून आचाऱ्याने केला आहे."

मित्रांनो, ते खोटं होतं! माझी वीणच अशी आहे की सत्तराव्या पानापर्यंत संशय मठाच्या आचाऱ्यावरच यावा. तो पहाटे पोतं घेऊन कोठारातून निघताना दिसतो आणि विचारलं तर तोंड उघडत नाही. का, ते दोनशे दहाव्या पानावर कळतं. पण तिथवर यायचं कुणी? लोक मला उघडत, ती ओळ वाचत, "हात्तिच्या, फुटलं की!" म्हणत आणि परत ठेवत. पोटात लाखो अक्षरं असून मला एक शब्द उच्चारता येत नव्हता. शेजारची पुस्तकं जात, चार घरं हिंडून येत. माझ्या तारखेच्या कागदावर शेवटचा शिक्का पडून अकरा वर्षं झाली. माझ्या पानांत आता फक्त कसर फिरायची, आणि तिला गोष्टीशी काय देणंघेणं?

यंदा नवी पुस्तकं आली, जागा अपुरी पडली. ग्रंथपालबाईंनी दहा वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं टेबलावर रचली. सोमवारी रद्दीवाला येणार होता. ढिगात सगळ्यात वर मी होते.

तेवढ्यात इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी आपलं पुस्तक परत करायला आल्या. त्यांनी मला उचललं.

"ही का टाकताय, बाई?"

"कुणी नेत नाही हो, मावशी. पहिल्याच पानावर खुनी सांगून टाकलाय."

मावशींनी ओळ वाचली आणि कमरेवर हात ठेवला. "वा गं वा! जेवण खारट झालं, आचारी. पळी हरवली, आचारी. आता आठशे वर्षांपूर्वीचं मढंसुद्धा आमच्याच माथी! का मारलं म्हणे त्याने?"

"मी कुठे वाचलंय?"

"मग मी वाचते."

"वाचा. पण सोमवारी आणा हं. यादीत नाव गेलंय तिचं."

दुपारची पंगत उठली की मावशी पालथ्या पातेल्यावर बसून मला वाचत. त्यांच्या ओल्या अंगठ्याचा ठसा माझ्या प्रत्येक पानावर उमटला. किती वर्षांनी ऊब लागली! दोनशे दहाव्या पानावर मात्र त्या थांबल्या, पदराने डोळे टिपले आणि भांडी घासणारीला म्हणाल्या, "अगं, कुंपणाबाहेरच्या रोग्यांना जेवण नेत होता तो! मठाची मनाई होती म्हणून बोलला नाही. फासावर चढायला तयार झाला, पण त्यांचं नाव सांगितलं नाही."

सोमवारी सकाळी रद्दीवाला दारात वजनकाटा घेऊन उभा होता. मावशी धावतच आल्या. "बाई, आचाऱ्याने नाही केला खून!"

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या निवृत्त मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. रहस्यकथा अर्ध्यातच ओळखतात म्हणून त्यांना सगळे पारखीमास्तर म्हणत. "त्यानेच केलाय, मावशी. ती ओळ माझीच आहे. लोकांचा वेळ वाचावा म्हणून लिहिली."

"तुम्ही शेवट वाचलात, मास्तर?"

"गरज काय? सत्तर पानांत कळलं मला."

"माझ्या आमटीचा वास घेऊन मीठ सांगाल का हो तुम्ही?"

रद्दीवाला खो खो हसला. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी मला ओढून घेतलं आणि सत्तराव्या पानापासून वाचायला बसले. रद्दीवाल्याने बाकीचा ढीग नेला. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला मास्तरांच्या हातातच राहू दिलं.

वाचनालय बंद व्हायच्या सुमारास मावशी काम उरकून पुन्हा आल्या. मास्तर शेवटच्या पानावर होते. खरा खुनी कोण ते मी तुम्हाला सांगणार नाही, पण त्या नावापाशी मास्तरांचं बोट बराच वेळ थबकलं. मग त्यांनी बाईंकडे खोडरबर मागितलं.

अक्षरं गेली. पेन्सिलीचा दाब मात्र राहिला. मास्तर पान खिडकीकडे तिरपं धरून बघत राहिले.

"चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या," ते हळूच म्हणाले. "पहिलं पान बघूनच ठरवायचो, कुठलं पोर कामाचं आणि कुठलं नाही."

बाईंनी यादीतून माझं नाव खोडलं.

मी पुन्हा माझ्या फळीवर आहे. गर्दी झालेली नाही. कागदावर दोन नवे शिक्के आहेत, एक मावशींचा आणि एक मला पहिल्या पानापासून वाचायला घरी नेणाऱ्या मास्तरांचा. तेवढ्यावर मी देवाचे आभार मानते. उजेड तिरपा पडला की पहिल्या पानावरचा तो वळ अजून वाचता येतो.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. ज्याची गोष्ट तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे, त्याच्या कपाळावर काही लिहू नका. पेन्सिलीनेसुद्धा नाही.