खिशात राहिलेली किल्ली

कुलपं दुरुस्त करणारा तो आणि त्याची बायको स्वस्तातली खोली बघायला गेले, तेव्हा गल्लीतली निम्मी दुकानं कायमची बंद पडलेली होती.

"फुकट दिली तरी नको!" तो करवादला. पण खोलीचं कुलूप अडकत होतं आणि त्याचे हात शिवशिवले. कानस, तेल, पाच मिनिटं. किल्ली अलगद फिरायला लागली.

"आपल्या बाथरूमची कडी दोन वर्षं सुतळीनं बांधलीय, ती नाही दिसत!" बायको फणकारली.

खोलीच्या मालकिणीला किल्ली देऊन दोघं निघाले. बसथांब्यावर घाम पुसायला त्यानं खिशातून रुमाल काढला, तर सोबत जोडीतली एक किल्ली निघाली. तीस वर्षांत गिऱ्हाइकाची किल्ली त्याच्याकडे कधी राहिली नव्हती. ओशाळून तो मागे वळला.

"असू दे," बायको म्हणाली, "सामान आणताना लागेलच."