ताणलेल्या टेपचे माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात असते ती. कापडी फितीवर रोगण चढवून, आकडे छापून मला बनवले. तेव्हापासून माझा मालक एकच.

मापे घेताना मला एका गोष्टीचे नवल वाटे. एकाच वर्गात शिकलेली दोन माणसे येत. एक जिना चढून गुणगुणत येई, दुसरा दारातच धापा टाके. मग वय नक्की कुठे मोजतात?

मालक अधूनमधून स्वतःची कंबर मोजत. "बघ, लग्नात होती तेवढीच."

"मग पट्ट्याला नवं भोक कशाला पाडलंत?" वहिनी विचारत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. काजे-बटणे त्या करत.

"चामडं आटलं."

पुढे गिऱ्हाइकांच्या पँटी घट्ट होऊ लागल्या. मालक म्हणाले, कापड आटलं. वहिनींनी नवी टेप आणून माझ्याशेजारी पसरली. मी बोटभर लांब निघाले. ओढून ओढून मी ताणले गेले होते, म्हणून प्रत्येक माप कमी दाखवत होते.

"टेप म्हातारी झाली, आणि तुम्ही तिच्या जिवावर तरुण," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. सवयीने मी गळ्यातच होते.

रक्तदाब चढलेला, साखर वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पन्नाशीचे, पण रक्तवाहिन्या साठीच्या वाटतात. पोटातल्या चरबीचा भार हृदयावर पडतो. चाला, खाण्याला आवर घाला, नीट झोपा. हे वय बरंच मागं आणता येतं."

"हिचंही बघता का?" मालकांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? काडीसारखी तर आहे," म्हणत वहिनी उठल्याच.

त्या मालकांना रोज चालायला पिटाळत. मालकांची साखर उतरली. मग एका दुपारी काज करताना वहिनींचा हात थांबला, तो थांबलाच. वहिनी गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाब बरीच वर्षं चढलेला असावा. बारीक माणसाचं हृदयही थकतं." वहिनींची कंबर कधी वाढली नव्हती. मी बाहेरून फिरते, आत पोहोचत नाही.

आता मी खुंटीवर असते. नव्या टेपने माप घेताना मालक गिऱ्हाइकासोबत आलेल्या माणसालाही विचारतात, "तुमचा रक्तदाब कधी तपासला?"

"शिंपी का वैद्य?" लोक हसतात. मालक उत्तराची वाट बघतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांना दवाखान्यात नेणारं कुणीतरी असेल. एकदा त्या माणसालाच डॉक्टरांसमोर बसवा. उठून जाऊ लागलं, तर हात सोडू नका.