न बोलावता

सिस्टर योहानाला जऊळक्याच्या दवाखान्यात येऊन अकरा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. माघ महिन्यात तिच्या भावाचं पत्र आलं. ऑस्ट्रियातल्या त्यांच्या डोंगरातल्या गावी आई नाताळच्या आठवड्यात वारली होती. पत्र हाती पडलं तेव्हा तिला पुरूनही पाच आठवडे होऊन गेले होते. योहानाने पत्र वाचलं, खिशात घातलं आणि बाहेर बसलेल्या माणसांच्या जखमा धुवायला घेतल्या. मंगळवार होता. मंगळवारी महारोगाचे पेशंट यायचे.

त्या मंगळवारी वच्छला आली नाही.

वच्छला नदीपलीकडच्या खेड्यातल्या शेतकरी घरची सून. वय बावीस. दीड वर्षापूर्वी भाकरी टाकताना तिचं कोपर तव्याला लागलं आणि तिला कळलंच नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. बाजाराचं निमित्त करून ती दवाखान्यात आली. कोपराच्या वर फिकट चट्टा होता. योहानाने टाचणी टोचून पाहिली आणि सांगितलं, "तीन-चार वर्षं रोज गोळी घ्यायची. हात जाणार नाही."

"पन घरी कळलं त?"

"माझ्याकडून नाही कळणार," योहाना म्हणाली होती.

तेव्हापासून वच्छला दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी यायची. मुलगी झाली तेव्हाचा एक महिना सोडला तर तिने खंड पाडला नव्हता. मुलगी आता आठ महिन्यांची होती.

पुढच्या मंगळवारीही ती आली नाही, तशी योहानाने सायकल काढली. मलमपट्टीला असलेली केशरबाई दारात आडवी आली. ती जवळच्या बौद्ध वस्तीतली. दहा वर्षं योहानासोबत काम करत होती.

"नका जाऊ बाई. तुमची सायकल ज्याच्या दारात उभी राह्यली, त्याच्या घरचं पानी मंग कोनी पेत नाई."

"गोळ्या बंद झाल्या तर तिची बोटं जातील, केशरबाई."

"येईनच ते. आखीन एक मंगळवार वाट पाहा."

योहानालाही ते पटत होतं. पण पत्र आल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. आईला तिने पाणीसुद्धा पाजलं नव्हतं. कोणासाठी तरी उठून जावं, असं तिला झालं होतं. ती गेली.

वच्छला ओट्यावर तूर पाखडत होती, मुलगी मांडीवर पीत होती. पांढऱ्या कपड्यातल्या बाईला अंगणात पाहून तिच्या हातातलं सूप खाली आलं. सासू कस्तुराबाई घरातून बाहेर आली.

"कायले आल्या बाई तुमी?"

"बाळाला पाहायला."

"आमच्या घरी बाळ हाय, हे तुमाले कोनं सांगतलं?"

शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. वच्छलाने पदर ओढून दंड झाकला आणि ते कस्तुराबाईने पाहिलं. तिने सुनेचा हात धरला, पदर बाजूला केला, चोळीची बाही वर सारली.

"हे काय होय?"

"गजकरन हाय, आत्याबाई," वच्छला म्हणाली आणि तिने योहानाकडे पाहिलं.

एक 'हो' म्हणायचं होतं. योहानाने आयुष्यात पेशंटबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. शिवाय तिला वाटलं, समजावून सांगितलं तर माणसं समजतात.

"घाबरू नका," ती म्हणाली. "हा रोग बरा होतो. गोळ्या घेतल्या की दुसऱ्याला लागतही नाही."

कुडाशी उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. कस्तुराबाईने सुनेचा हात सोडून दिला आणि मांडीवरची मुलगी उचलून घेतली.

त्याच दिवशी वच्छलाला शेतातल्या गुरांच्या कोठ्यात नेऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी योहाना आणि केशरबाई छकडा घेऊन तिला आणायला गेल्या. तिचा नवरा इंद्रभान शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी उभा होता. तिशीच्या आतला, रडून डोळे सुजलेला गडी.

"घेऊन जा," तो म्हणाला. "तुमी आल्या नसत्या त ते मह्या घरी असती."

"मुलगी द्या. तिला अंगावरचं दूध पाहिजे."

"माय देत नाई."

छकड्यात वच्छला एकदाच बोलली. "पोट्टीले ताप होता म्हून आली नाई बाई. चार गोळ्या उरल्या होत्या मह्यापाशी. एक दिसाआड घेऊन राह्यली होती. येत्या मंगळवारी येनारच होती."

योहानाने गाडीची दांडी धरून ठेवली.

नंतरचे तीन आठवडे ती चार वेळा त्या घरी गेली. पहिल्यांदा दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा तिने नेलेली दुधाची भुकटी ओट्यावरून अंगणात फेकली गेली. पोलीस पाटलाकडे गेली, त्याने चहा पाजला आणि घरच्या भानगडीत पडू नका म्हणाला. वच्छला दवाखान्याच्या मागे बसून दूध पिळून मातीत टाकायची. मुलीला बकरीचं दूध पाजत होते, असं कळलं. मग हगवण लागली, असं कळलं. चौथ्यांदा योहाना औषध घेऊन धावत गेली, तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती.

वच्छलाला सांगायचं काम तिनेच केलं. केशरबाई 'मी सांगतो' म्हणाली, पण योहानाने ऐकलं नाही. ती वच्छलापुढे जमिनीवर बसली आणि सांगितलं. मग म्हणाली, "माझ्यामुळे झालं. मला माफ कर."

वच्छला रडली नाही.

"माफ करून मी काय करू, बाई?" ती म्हणाली. "तुमाले बरं वाटन. मले काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच उठली आणि म्हणाली, नदीवर जायचं. तान्ह्या लेकरांना गावकरी नदीकाठी पुरतात. तिघी चालत गेल्या. काठावर दोन जागी माती ताजी होती, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बोरीच्या काट्या रचलेल्या होत्या. दोन्ही जागा सारख्याच लांबीच्या.

"कोनती?" वच्छलाने विचारलं.

केशरबाईने योहानाकडे पाहिलं. योहानाला माहीत नव्हतं. तिथे विचारायला कोणी नव्हतं, आणि घरचं कोणी सांगणार नव्हतं.

वच्छला दोन्हींच्या मध्ये बसली. एक हात इकडे, एक तिकडे टेकवला. चट्ट्याच्या हातात काटा रुतला, रक्त आलं, तिला समजलं नाही. योहाना काटा काढायला पुढे झाली.

"राहू द्या," वच्छला म्हणाली.

योहाना मागे सरली आणि उन्हात उभी राहिली.