तेल सुटेपर्यंत

"बसवा त्यांस्नी हितं, समद्यांच्या म्होरं," ज्ञानबा म्हणाला, आणि मुसळ उखळातच उभे ठेवून त्याने पुढच्या बाकावरची दोन माणसे उठवली.

टांग्यातून उतरवलेल्या गंगाधरपंतांना त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी कसेबसे बाकावर टेकवले. अर्धांगाने पंतांची उजवी बाजू गेली होती. आवाजही निम्मा उरला होता. आठ दिवस अन्नावर वासना नव्हती आणि मागणी एकच होती: ज्ञानबाच्या हातची शेंगाचटणी. काल बाई पुडी मागायला आल्या होत्या. पण या दुकानात चटणी पुडीत बांधून मिळत नसे. खायची तर येथे बसून. हा नियम अवघ्या गिरणगावाला ठाऊक होता. तो एकाच माणसासाठी केला होता, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळात ज्ञानबा पंतांच्या हॉटेलात आचारी होता. डब्यातले तेल रोज कमी भरे आणि चटणी मात्र तेलाने निथळे. पंतांनी भर गर्दीत त्याला चोर ठरवून हाकलले. दाणे नेटाने कुटले की त्यांचेच तेल सुटते, हे त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. त्यानंतर त्याने गिरणीच्या फाटकासमोर तीन बाकांचे दुकान मांडले. पहाटे उप्पीट, गरम भाकरी, आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत कुटलेली चटणी.

"आरं, मानूस आजारी हाय," गिरणीत साच्यावर कापड विणणारा रावजी भाकरी मोडीत म्हणाला. "त्येला घास दे. मुसळ काय दावतूस?"

"सात वरसं ऱ्हायलंय दावायचं," ज्ञानबा म्हणाला. "मालक, बगा. शेंगा, लसूण, तिखट, मीठ. तेलाचा थेंब न्हाय."

मुसळ पडू लागले. प्रथम भुगा झाला, मग भुग्याचे गोळे झाले. घाम त्याच्या हनुवटीवरून ओघळला. तो चटणीत पडू नये म्हणून त्याने मान वळवली, पण हात थांबवला नाही. बाकांवरची माणसे जेवण सोडून पाहू लागली. अखेर उखळाच्या कडेला तांबडी, चकचकीत धार उमटली.

त्याच क्षणी सातचा भोंगा झाला. अर्धवट भाकऱ्या हातात घेऊन माणसे फाटकाकडे धावली, आणि तिन्ही बाक रिकामे झाले.

"ठाऊक होतं," पंत अडखळत म्हणाले. "त्याच दिवशी कळलं. तेल हिचा भाऊ नेत होता."

यशोदाबाईंनी मान खाली घातली.

"मोट्यानं बोला की, मालक!" ज्ञानबा ओरडला. ऐकायला कोणी नव्हते.

बाईंनी चटणी काढलेल्या ताटलीकडे हात नेला. त्याने ती मागे ओढली.

"उद्या साडेसहाला आणा. भोंग्याच्या आदी. ह्येच समद्यांदेखत बोलू द्या, मग घास."

"अरे, एक बोट तरी चाटव त्यांना. एवढ्यासाठी आले ते."

"न्हाय, वैनीसाहेब."

"येतो," पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाक गच्च भरले होते. पुढची एक जागा ज्ञानबाने कोणाला दिली नव्हती. रावजी आला आणि उभ्यानेच बोलला:

"गंगाधरपंत गेले की रं. पहाटंच. दारात मानसं जमल्यात."

"काल तर हितं हुते!" कोणीतरी म्हणाले. "ज्ञानबा, आमी गेल्यावर काय बोलले रं?"

वीस माणसांचे हात ताटल्यांवर थांबले. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

ज्ञानबाने मुसळ उचलले.

"चटनी लई झाक झालीया म्हनले," तो म्हणाला. "पोटभर खाल्ली."