सिस्टरांच्या हातांचा नमुना

मॅडमनी पडद्यावरच्या दोन्ही ओळी तिसऱ्यांदा एकाखाली एक लावून पाहिल्या. एका अक्षराचाही फरक नव्हता.

फ्रीजरच्या तळाशी तीस वर्षं गोठलेल्या कुप्या त्यांनीच हौसेने बाहेर काढल्या होत्या. औषधांना दाद न देणारा जंतू तेव्हा नवजात बाळांच्या वॉर्डात शिरला कुठून, हे आता जनुकांची अक्षरं वाचून कळणार होतं. तीन बाळं गेली होती. लेबलांवर मॅडमचंच विद्यार्थीदशेतलं गिचमिड अक्षर. काय दिवस होते ते! पायाला भिंगरी लावल्यासारखं वॉर्डभर हिंडायचं आणि दमलं की सिस्टरांच्या खोलीत फुकटचा चहा. सिस्टर आधी हात धुवायला पिटाळायच्या, मगच कप पुढे करायच्या.

बाळांच्या रक्तातला जंतू वॉर्डातल्या बेसिनच्या नळीतल्याशी जुळला. ती कुपी तेव्हा कुणी तपासलीच नव्हती. सिस्टरांच्या हातांवरून घेतलेल्या नमुन्यातला मात्र जुळला थेट जावईबापूशी. जावईबापू म्हणजे प्रयोगशाळेचा स्वतःचा जंतू, चाचण्या बरोबर चालल्यात ना हे ताडून पाहायला ठेवलेला. त्यालाही ती औषधं लागू पडत नसत. सतत ताजं खायला घालावं लागे म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. तो कधी वॉर्डात गेलाच नव्हता. घाईत जंतू उचलायच्या तारेचं टोक नीट न जाळता मॅडमनीच ते सिस्टरांच्या नमुन्याला लावलं असणार, आणि वर, बाळांना जंतू सिस्टरांच्या हातांतून गेला, असा ऐटीत अहवाल लिहिला. त्या अहवालामुळे सिस्टरांना वॉर्डातून काढून कपड्यांच्या कोठारात बसवलं, ते निवृत्तीपर्यंत.

कुणालाही काही न सांगता मॅडमनी सिस्टरांचा पत्ता शोधला.

सिस्टर खूप थकल्या होत्या, पण बघताक्षणी ओळखलं. किती वाळलीस म्हणून रागावल्याही. जुन्या माणसांची चौकशी झाली, कोण कुठे, कोण गेलं. मॅडम विषय लांबवत राहिल्या. शेवटी धीर करून सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"चूक माझी होती, सिस्टर. तुमच्या हातांवर काहीच नव्हतं."

सिस्टर पलंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी करत राहिल्या.

"मग पोरांना कुठून झालं?"

"बेसिनमधून."

"तरी मी सांगत होते, ते तुंबतंय."

मॅडमना माफी मागायची होती. त्या नुसत्या रडत बसल्या.

आतून नातसून चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली आणि सवयीप्रमाणे लांबच्या खुर्चीत बसली. पणजीबाई पणतवाला घेत नाहीत. नातवंडांनाही त्यांनी कधी घेतलं नव्हतं. स्वभावच तसा, असं घरात सगळे धरून चालत.

सिस्टरांनी दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे."

नातसून जागची हलली नाही. तिने आधी मॅडमकडे पाहिलं, मग आजेसासूकडे.

"आण गं," सिस्टर म्हणाल्या. "मानेखाली हात कसा द्यायचा, ते विसरले नाही मी."