बाकावर ठेवलेले झाकण

मी एका मोटारीच्या पेट्रोलटाकीचे झाकण बोलत आहे. माझी साक्ष कोणी घेतली नाही, म्हणून आपण होऊन देत आहे.

माझा जन्म एकोणीसशे सत्त्याण्णव सालचा. त्या सुमारास नव्या मोटारींत एक सुधारणा आली होती. उन्हाने पेट्रोलची वाफ होते. ती हवेत मिसळून माणसांच्या छातीत जाऊ नये, म्हणून टाकीतून निघालेली नळी तिला कोळसा भरलेल्या डब्यात नेते. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झाले की ते ती गिळते. या व्यवस्थेत माझे काम एकच, टाकीचे तोंड घट्ट मिटणे. त्यासाठी माझ्या आत रबराची एक कडी होती.

आमचे मालक कमलाकांत बोईसरच्या एका कारखान्याचे व्यवस्थापक. देवपूजा केल्यावाचून ते गाडीत बसत नसत. गाडी चालवी बेटेगावचा देवू. दरवर्षी भातकापणी आटोपली की त्याचे घर वीटभट्टीवर जाई. ही नोकरी लागल्यापासून जाणे थांबले होते आणि त्याची मुलगी नवसी प्रथमच सलग वर्षभर शाळेत बसली होती.

एका रविवारी मालक स्वतः गाडी घेऊन पालघरला गेले. पंपावर त्यांच्या हातून मी खडीत पडले. त्यांनी मला न पुसताच जोराने पिळून बसवले. एक खडा कडीत रुतला आणि रबर चिरले.

त्या दिवसापासून वाफ माझ्या कडेने निसटू लागली. गाडी कारखान्याच्या फाटकापाशी दिवसभर उन्हात उभी असे. आत वास येई, पेट्रोलचा काटा लवकर उतरे. पूर्वी मालक गाडीत बसून रस्त्याकडे पाहत. आता ते देवूच्या पाठीकडे पाहू लागले.

शेवटी गाडी खंडेराव मिस्त्रींकडे तपासणीला गेली. "गाडी काय ताडी पिते का रे, देवू?" गॅरेजमधल्या एकाने विचारले. बाकीचे हसले.

मिस्त्रींनी रीतीप्रमाणे मला काढून बाकावर ठेवले. माझ्या जागी आपले रबरी बूच बसवले, डब्याकडची नळी बांधून बंद केली आणि बुचातून हवा भरली. हवा कोठे निसटत असेल, तर दाब दाखवणारा काटा खाली येतो. तो आला नाही. कसा येईल? दोष बाकावर पडला होता.

"साहेब, गाडीत काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग माणसात आहे," मालक म्हणाले.

देवू पुढे आला. "सायेब, वास मलाबी येतो. नवसीची आन, मी थेंब नाय काडला."

"चावी ठेव."

त्याने चावी बाकावर ठेवली, माझ्या अगदी शेजारी. त्याची बोटे मला लागली. त्याने मला उलटे करून पाहिले असते तर! परमेश्वराने मला वाचा दिली नाही.

दोन महिन्यांत नवा चालक नामदेवही वासाची तक्रार करू लागला. तेव्हा मालकांनी मला स्वतः उघडले. कडीवरून बोट फिरवले, रुतलेला खडा नखाने काढला आणि तो तळहातावर घेऊन निरखला. त्याच दिवशी नवे झाकण आले. मला त्यांनी डिकीत टाकले.

संध्याकाळी गाडी बेटेगावातून जात होती. नामदेव म्हणाला, "साहेब, देवूचं घर हेच. सगळी भट्टीवर गेली. पोरगीपण."

"पुढे बघून चालव," मालक म्हणाले.

मी अजून डिकीतच आहे. माझे रबर वाळून गेले, पेट्रोलचा वासही उरला नाही. वाचकहो, कोणाला दोषी ठरवण्यापूर्वी, तपासताना आपण काय बाजूला काढून ठेवले, ते एकदा हातात घेऊन पाहा. आणि सत्य उशिरा कळले, तरी गाडी थांबवा. मला ती थांबवता आली नाही.