साहेब रुजू झाले

आमचं भ्रष्टाचार तपास कार्यालय संपूर्ण स्वतंत्र आहे. तसं दारावरच्या पाटीवरच लिहिलंय. फक्त एखाद्या अधिकाऱ्याची चौकशी करायची, तर त्याच्या खात्याच्या प्रमुखाची परवानगी लागते. आणि चौकशी प्रमुखाचीच असली तर? तर अर्ज त्यालाच करायचा. मी तपास अधिकारी. बांधकाम खात्याच्या साहेबांच्या चौकशीसाठी बांधकाम खात्याच्या साहेबांचीच परवानगी तीन वर्षं मागत होते.

साहेबांनी पास केलेलं शाळेचं छत उद्घाटनानंतर आठव्या दिवशी खाली आलं. सुट्टी होती म्हणून मुलं वाचली. शाळेच्या मुख्याध्यापिका दर सोमवारी येऊन एकच विचारायच्या, "आलं का परवानगीचं पत्र?" मला त्यांच्या नजरेला नजर देववत नसे. तीन वर्षांत परवानगी आली नाही की प्रकरण आपोआप बंद होतं, आणि आता नऊच दिवस उरले होते.

त्यात आमचे प्रमुख निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीचा तात्पुरता कार्यभार मिळाला कुणाला, तर या साहेबांना. खटपट करून मिळवला होता. स्वतःची फाइल स्वतःच्या हातांनी बंद करायची हौस, दुसरं काय.

सोमवारी सकाळी त्यांनी रुजू झाल्याच्या कागदावर ऐटीत सही ठोकली आणि मला बोलावलं.

"ती शाळेची फाइल आणा. नऊ दिवस कशाला ताटकळायचं?"

मी जळफळत कपाटापाशी गेले. तिथे आमचे कारकूनकाका नियमांचं पुस्तक उघडून बसले होते.

"ताई, साहेबांनी सही केली?"

"केली."

"म्हणजे आता ते आपले झाले."

"झाले ना. डोक्यावर बसले."

"अहो, हे वाचा तर." काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. परवानगी लागते ती बाहेरच्या खात्यातल्या माणसासाठी. आपल्याच कार्यालयातला कुणीही असो, कायम किंवा तात्पुरता, त्याची चौकशी तपास अधिकाऱ्याने थेट सुरू करावी. ती प्रमुखालाही थांबवता येणार नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग नोटीस टाइप केली, सही केली, फाइलवर ठेवली आणि आत नेऊन दिली.

साहेबांनी वाचली. "कुणाची परवानगी घेतलीत?"

"लागत नाही, साहेब. तुम्ही आता घरचेच."

बाहेर बाकावर मुख्याध्यापिका बसल्याच होत्या.

"आलं का पत्र?"

"पत्र नाही आलं, बाई," मी म्हटलं. "साहेबच आले."